समुद्रतळातली तांबडी पट्टी

हा गाळ आहे. समुद्राच्या तळात नळी खुपसून वर काढलेला आणि मग लांबीच्या दिशेनं मधोमध चिरलेला. तो वाचायचा खालून वर, कारण जुनं तळाशी आणि नवं वर. खालचा भाग पांढुरका. बोटांत चोळला तर खडूसारखा लागेल, आणि आहेही तो जवळपास खडूच. फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची आणि सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचं लाखो वर्षं तळाशी साचत राहिली, त्यांचाच हा थर. इथवर सगळं संथ. मग रंग एकदम बदलतो. तांबूस-तपकिरी चिकणमाती, तिच्यात चुना जवळजवळ नाहीच.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या वॉल्व्हिस रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवर २००३ साली वेगवेगळ्या खोलीवर छिद्रं घेतली, तेव्हा हीच पट्टी ठिकठिकाणी हाती आली. तिचं वय सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षं. डायनासोर जाऊन एक कोटी वर्षं उलटली होती.

चुना गेला कुठे? तो विरघळला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की त्यातला बराचसा समुद्र पिऊन घेतो, आणि पाणी आम्लाकडे झुकतं. कवचं वरून पडत होती, पण तळाशी पोचून टिकत नव्हती. उरली ती नुसती माती. म्हणजे ही पट्टी कशाची खूण असेल, तर हवेत आणि पाण्यात अचानक ओतल्या गेलेल्या प्रचंड कार्बनची.

तो कार्बन कसा होता, हेही कवचांनीच सांगितलं. कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, एक हलका, एक किंचित जड. वनस्पती हलका प्रकार जास्त उचलतात, त्यामुळे जे जे सजीवांपासून बनलेलं, त्यात हलका कार्बन जास्त. १९९१ साली जेम्स केनेट आणि लॉवेल स्टॉट यांनी अंटार्क्टिकाजवळच्या मॉड राइझ या समुद्रतळावरच्या उंचवट्यावरच्या गाळातली कवचं तपासली. जड कार्बनचं प्रमाण एकाएकी कोसळलेलं दिसलं, आणि त्याच कवचांतल्या जड-हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण सांगत होतं की पाणी तापलंय. टाचणीच्या डोक्याएवढं कवच. त्यात एका महासागराचा ताप नोंदवलेला आहे, हे मला आजही थक्क करतं.

कार्बन नेमका आला कुठून, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तेव्हा उत्तर अटलांटिक फाटत होता, ग्रीनलंड युरोपपासून सुटत होतं. तप्त शिलारस सेंद्रिय गाळाच्या थरांत घुसला आणि ते थर भाजून निघाले. समुद्रतळाखाली गोठलेला मिथेनही सुटला असेल, असं काही जण मानतात. परिणामाबद्दल मात्र दुमत नाही. पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंशांनी चढलं, आणि ती आधीच आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती. खोल समुद्राच्या तळावरच्या फोरॅमिनिफेराच्या ३० ते ५० टक्के जाती नाहीशा झाल्या. उत्तर अमेरिकेत, वायोमिंगमधल्या बिगहॉर्न खोऱ्यात, मांजराएवढा एक आदिम घोडा चरत असे. त्याचे दात मोजले तर दिसतं की त्या उष्म्यात त्याचा आकार सुमारे ३० टक्क्यांनी घटला.

आणि उत्तर ध्रुव? २००४ साली तिथल्या बर्फाखालून गाळ काढला, तेव्हा कळलं की त्या काळात आर्क्टिकच्या पृष्ठभागाचं पाणी २० अंशांहून उबदार होतं. उष्म्याचा हा उद्रेक ओसरल्यावरही जग लाखो वर्षं गरमच राहिलं. कॅनडाच्या उत्तरेला, आज गोठलेल्या एल्समेअर बेटावर पुढे सुसरीच्या कुळातले ॲलिगेटर राहत होते, कासवंही होती. शेजारच्या ॲक्सल हायबर्ग बेटावर साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे आहेत. त्यांचा दगड झालेला नाही. ते लाकूडच आहे, करवतीनं कापता येतं, जळतंही. हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नसे, तरी तिथे अरण्य होतं.

मग पृथ्वी निवली कशी? पावसानं. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून खाली येतो, किंचित आंबट होऊन. तो खडकांना चाटतो, त्यांतलं कॅल्शियम सुटतं, नद्या ते समुद्रात नेतात, तिथे जीव त्याचं कवच करतात आणि कवचांची चुनखडी होते. हवेतला कार्बन असा दगडात जाऊन बसतो. पुढे भूपट्टांच्या हालचालीत ती चुनखडी जमिनीच्या पोटात ढकलली जाते, तिथल्या उष्णतेनं विघटते, आणि ज्वालामुखी तोच कार्बन परत हवेत सोडतो. या फेऱ्यात एक विलक्षण गोष्ट आहे : हवा तापली की पाऊस वाढतो, खडकांची झीज वाढते, आणि कार्बन जास्त वेगानं खेचला जातो. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ साली हे गणित मांडलं. पृथ्वी अब्जावधी वर्षं ना कायमची गोठली ना उकळली, त्यामागे बहुधा हीच यंत्रणा आहे.

पण तिचा वेग पाहा. कार्बन ओतला गेला काही हजार वर्षांत. तो खडकात परत जायला दीड ते दोन लाख वर्षं लागली. बहुतेक अंदाज सांगतात की त्या काळी वर्षाला एक अब्ज टनांच्या आसपास किंवा त्याहून कमी कार्बन बाहेर पडत होता. आज कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला सुमारे दहा अब्ज टन सोडतो. खडकांची झीज थोडी वाढली, तरी ती आपला हा वेग गाठणार नाही.

पुन्हा गाळाकडे येऊ. तांबड्या पट्टीपासून बोट वर सरकवा, अगदी सावकाश, कारण इथे हजार वर्षं म्हणजे जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. माती फिकट होत जाते, चुन्याचे कण परत दिसू लागतात. आणखी थोडं वर गेलं की गाळ पट्टीखालच्या थरापेक्षाही पांढरा होतो. इतकं कॅल्शियम नद्यांनी तोवर खडकांतून आणून ओतलं होतं.