सोमवार धरणारा इन्व्हर्टर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय व्होल्टेजबद्दल. कमी नव्हे, जास्त व्होल्टेजबद्दल.

आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी निवृत्तीनंतर छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. सगळं झकास, पण दर सोमवारी भर दुपारी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणारी पेटी, बंद! ऊन रणरणतंय आणि हा बंद. जरा वेळानं आपोआप सुरू, की पुन्हा बंद. मंगळवारी मात्र ठणठणीत. बसवणाऱ्यानं बदलून दिला, तर नवाही सोमवार धरू लागला. महादेवाचा वार आहे, अभिषेक करून घ्या, इथवर सल्ले आले.

मी मीटर घेऊन सोमवारीच गेलो. 230 हवं तिथे आकडा 254 ला टेकला आणि इन्व्हर्टर टक्कन सुटला. गल्ली अगदी शांत. विचारलं, एवढं सामसूम कसं? गुरुजी म्हणाले, "आज गिरणी बंद ना!"

सापडलं की हो! एरवी गल्लीतल्या चारपाच छतांची वीज गिरणीची मोटर खायची. सोमवारी खाणारं कुणी नाही, म्हणून ती लांबलचक बारीक तारेतून उलटी डीपीकडे, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, निघायची. आणि वीज बाहेर ढकलायची तर घराकडचं व्होल्टेज चढावंच लागतं. पुन्हा सांगतो: वीज घेताना शेवटच्या घरी व्होल्टेज पडतं, सोडताना चढतं. दहा टक्के वर, म्हणजे 253 ओलांडलं, की इन्व्हर्टर नियमानुसार दोन सेकंदांत सुटतो. तो बिघडलेला नसतो.

गुरुजी तडक गिरणीवाल्याकडे: "सुट्टी बंद कर." तो म्हणाला, "मग दळण तुम्ही आणा!"

मग उपाय काय? डीपीचा टॅप, म्हणजे तिथलं व्होल्टेज कमीजास्त करायची कळ, एक घर उतरवला की अडीच टक्के, सहाएक व्होल्ट कमी होतात. पण मग संध्याकाळी पंखे रेंगाळतात. टॅपला दुपार-संध्याकाळ कळत नाही, इन्व्हर्टरला कळते. व्होल्टेज चढलं की तो रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता तारेत नुसती ये-जा करणारी वीज, ओढून ते थोडं खाली आणू शकतो, तरी भागलं नाही तर एकदम सुटण्याऐवजी वीज जराशी कमी करतो. ऑस्ट्रेलियात नव्या इन्व्हर्टरना 2021 पासून हे दोन्ही सक्तीचं आहे. तार बारीक असली तर रिॲक्टिव्ह पॉवरच्या उपायाचा जोर कमी पडतो, म्हणून तारही जाड हवी. आपल्याकडे घराला दर दिवाळीला रंग, वायर मात्र आजोबांच्या काळातली! असो.

गुरुजींनी वीज कंपनीच्या संमतीनं इन्व्हर्टरचं हेच सेटिंग करून घेतलं, आणि सोमवारी पाण्याची मोटर दुपारी लावतात.

तुमचं सोलर दुपारी सुटत असेल तर तक्रारीत वार, वेळ आणि स्क्रीनवरचं व्होल्टेज लिहा. वार, वेळ, व्होल्टेज. नुसतं 'बंद पडतो' लिहिलंत, तर इन्व्हर्टरच बदलून मिळेल.