वारशात आलेले पिस्तूल : अवस्था, अस्सलपणा आणि किंमत

[दृश्य : पांढऱ्या सुती कापडावर ठेवलेले पिस्तूल. मागे खिडकीतून येणारा उजेड.]

पडद्यावर दिसणारे हे पिस्तूल ठासणीचे आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, मागच्या बाजूच्या निपलावर, म्हणजे छोट्या पोकळ टोकावर, स्फोटक भरलेली तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढून घोडा, म्हणजे हातोडीसारखा भाग, त्या टोपीवर पाडायचा, की टोपीची ठिणगी दारूला लागे, अशी त्याची रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशी पिस्तुले होती. त्यांचा गज बिजागरीने नळीलाच जोडलेला असे, कारण दौडत्या घोड्यावर हातातून निसटलेला गज पुन्हा मिळत नाही.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या पश्चात असे शस्त्र घरात सापडले की पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. तो प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याआधी पिस्तूल रिकामे आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. चाप ओढून पाहू नये, घोडाही चढवू नये. सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू कोरडी राहिली असेल, तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते.

[दृश्य : नळीच्या तोंडातून आत जाणारी लाकडी काडी. काडीवर पेन्सिलीची खूण.]

सरळ लाकडी काडी नळीत अलगद टेकेपर्यंत सोडावी, नळीच्या तोंडाशी तिच्यावर खूण करावी आणि ती बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून पाहावी. या सगळ्या वेळात नळीचे तोंड कोणाकडेही रोखलेले नसावे. काडीचे टोक निपलाच्या जवळपास पोहोचले, तर नळी रिकामी आहे. ते दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे : कदाचित भरलेला बार, कदाचित चिंधीचा बोळा, कदाचित कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर. काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून घरी उकरत बसू नये. हे काम जाणकार बंदूक-कारागिराचे आहे.

यानंतर कागदपत्रे शोधावीत. भारतीय शस्त्र कायदा 1959 सालचा आहे. त्याच्या कलम 45 मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना सूट आहे, मात्र दुरुस्ती करूनही ज्यातून बार उडू शकणार नाही अशाच शस्त्रांना ती लागू होते. ‘जुने आहे, म्हणजे परवाना नको’ हा समज त्यामुळे धोक्याचा आहे. परवाना वडिलांच्या नावाने असेल, तर त्यांच्या पश्चात शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करून वारसाच्या नावाने अर्ज करावा. काही जण कायद्याच्या धास्तीने नळीला भोक पाडून घेतात किंवा निपल वेल्डिंगने बुजवून टाकतात. परवाना शाखेशी बोलण्याआधी असे काही केले, तर वस्तू कायमची बिघडते आणि कायद्याचा प्रश्न सुटेलच याचीही खात्री नसते.

[दृश्य : घोड्याच्या बाजूची लोखंडी पट्टी, अगदी जवळून. तिरपा उजेड.]

आता ओळख पटवण्याकडे वळू. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर, तिरप्या उजेडात, दोन पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह दिसतो. ही कंपनीची खूण आहे आणि ती साधारण 1808 पासून वापरात आली. त्याआधी हृदयाच्या आकारातले कंपनीचे चिन्ह असे. नळीवर मुकुटाखाली दोन राजदंडांची फुली आढळली, तर ती इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या, 1813 साली स्थापन झालेल्या, नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या चाचणीगृहाची असू शकते.

अशा शस्त्रांसोबत बहुतेक घरांत एखादी कथाही चालत येते. ‘हे पानिपतावर होते’ ही त्यांपैकी नेहमीची. पानिपत 1761 सालचे. टोपीच्या यंत्रणेमागचे तत्त्व स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ यांनी पेटंटात मांडले ते 1807 साली, आणि तांब्याच्या टोप्या रुळल्या त्याही नंतर. त्यामुळे टोपीचे पिस्तूल पानिपतावर असणे शक्य नाही. चकमकीचे, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारे, जुने पिस्तूल पुढे टोपीचे करून घेतले असेल, तर पट्टीवर बुजवलेली भोके दिसतात आणि रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी काढल्याची जागा कळते. येथे तशी एकही खूण नाही. कथा खोटी ठरली म्हणून घराण्याचा इतिहास खोटा ठरत नाही. शिलेदारी पद्धतीच्या रिसाल्यात स्वार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. एखादी सनद, पगाराची नोंद किंवा जुना परवाना मिळाला, तर तो पानिपताच्या आख्यायिकेपेक्षा कितीतरी मोलाचा पुरावा आहे.

नकलांचाही विचार करावा लागतो. सरहद्द प्रांतातल्या कारागिरांनी कंपनीच्या शस्त्रांच्या असंख्य नकला केल्या आणि पर्यटकांसाठीही त्या बनत आल्या आहेत. उलटी पडलेली अक्षरे, ‘टॉवर’ (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण) या शब्दाचे चुकलेले स्पेलिंग, मूठ आणि पट्टी यांच्यामधली ढिली फट, ही त्यांची लक्षणे.

[दृश्य : पितळी मूठटोपी. एका कडेला चकचकीत डाग, बाकी गडद तपकिरी.]

अवस्थेबद्दल सर्वांत जास्त सांगावेसे वाटते, कारण नुकसान येथेच होते. या पितळी मूठटोपीच्या कडेला कोणीतरी चिंच घासलेली दिसते. तेवढाच भाग पिवळा झाला आहे आणि दीड शतकात चढलेली तपकिरी झाक तेथून गेली आहे. ती परत आणता येत नाही. लोखंडावर पॉलिशपेपर फिरवला की गंज जातो, पण त्याबरोबर खुणांच्या कडा झिजतात, सिंह पुसट होतो आणि जाणकार ग्राहक पहिल्या नजरेतच हात आखडता घेतो. दसऱ्याच्या शस्त्रपूजनात ओले हळदकुंकू लोखंडावर तसेच राहू दिले, तर त्याखाली ओल धरून खड्डे पडतात. पूजा जरूर करावी; फक्त हळदकुंकू शेजारच्या पाटावर वाहावे. साफ करायचेच असेल, तर मऊ कापडाने धूळ टिपून त्यावर संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ लावावे. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते.

किमतीबाबत स्पष्ट बोलायचे, तर कंपनीने अशी पिस्तुले मोठ्या संख्येने बनवून घेतली, त्यामुळे केवळ वयामुळे त्यांना फार मोल येत नाही. मोल वाढते ते सगळे भाग मूळचे असल्याने, खुणा स्पष्ट असल्याने आणि मालकीचा कागद सोबत असल्याने. घोडा किंवा गज बदललेला असेल, तर मोल उतरते. कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडात सोन्याची तार ठोकून केलेले, काम असलेले किंवा पेटीसह जोडीने टिकलेले पिस्तूल वेगळ्या पंक्तीत बसते. विम्यासाठी काढलेला आकडा आणि विक्रीत हाती येणारी रक्कम एकच नसते, म्हणून मूल्यांकन कशासाठी हवे ते आधीच सांगावे आणि ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे, त्याच्याकडूनच ते करून घेऊ नये.

परदेशातील लिलावांचे आकडे पाहून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या किंवा ऐतिहासिक वस्तूला 1972 चा पुराणवस्तू कायदा लागू होतो आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. विक्री करायची तर ती देशातच, कायदेशीर परवाना आणि नोंदी सांभाळून करावी लागते, आणि घेणाऱ्याची कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरही येते.