मामा दोघांचाही होता

(मंडळाच्या नोव्हेंबर मेळाव्यात केलेलं भाषण. माइकची कुरकुर आणि दोन फसलेले विनोद काढून टाकले आहेत, बाकी जसं बोललो तसं.)

नमस्कार मंडळी.

५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन आणि मी सांगलीचा, एवढ्या भांडवलावर मला इथे उभं केलंय. माझ्याकडून दोन नाट्यपदं होतील अशी आयोजकांची अपेक्षा असणार. गणपतीत आरतीला माझा आवाज ज्यांनी ऐकलाय ते आत्ता जरा घाबरून बसलेत. त्यांना आधीच सांगतो, गाणार नाही. मी कार्टूनवर बोलणार आहे. कार्टूनमधले खलनायक आणि त्यांच्यावर जीव टाकणारी आपली पोरं, हा विषय. मागच्या रांगेतल्या दोन-तीन माना मोबाइलमधून वर आल्या, चला, तेवढं तरी झालं.

सुरुवात मात्र सांगलीतूनच. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. शाळेत सांगत नाहीत ते असं, की त्या नाटकांत खरा भाव राक्षसांना होता. पदं सूत्रधार म्हणायचा, देव मंडळी आब राखून वागायची, आणि राक्षस तोंडं रंगवून, मशालींच्या उजेडात, राळेच्या भडक्यात ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचे. पुढे शिकलेल्या लोकांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ म्हणून नावं ठेवली. त्यातली आणखी एक गंमत म्हणजे गद्य भाषणं लिहिलेलीच नसायची. प्रसंग ओळखून पात्राने पदरचं बोलायचं. म्हणजे रावणाने काय बोलावं, हे रावण झालेल्या माणसाने ठरवायचं! आता दिवसभर कुणाची तरी बोलणी खाल्लेला माणूस रात्री रावण झाला आणि दोन वाक्यं स्वतःच्या मनची बोलायची मुभा मिळाली, तर तो नुसतं डुर्र करून थांबेल? माझा अंदाज आहे, त्या रावणांना थोडंफार घरचं दुःख असणारच.

माझी पंधरा वर्षांची लेक याला ‘हेडकॅनन’ म्हणते. मूळ गोष्टीत नाही, पण बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र पक्कं बसलेलं.

आणि खलनायक अर्धा बघणाऱ्याच्या डोळ्यातच असतो, हेही सांगलीने दाखवलंय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत जन्मले. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ सालचं. कीचक महाभारतातला, पण प्रेक्षकांना तो लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तसाच दिसला असणार, कारण १९१० साली नाटकावर बंदी आली.

आता लेकीच्या खोलीकडे वळतो. तिच्या भिंतीवर एका मुलीचं चित्र आहे, हातातून निळी आग निघतेय. तिचं नाव अझुला. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका २००५ ते २००८ या काळात आली, एकूण एकसष्ट भाग. मोठ्यांपैकी किती जणांनी पाहिलीय? चार. बरं, थोडक्यात सांगतो. अग्निराष्ट्राचा राजा ओझाई. त्याला दोन मुलं, झुको आणि धाकटी अझुला. झुको तेरा वर्षांचा असताना युद्धाच्या बैठकीत मध्येच बोलतो, बाप त्याला द्वंद्वाला उभा करतो. मुलगा बापाशी लढायला नकार देतो, तर बाप त्याचं तोंड भाजून देशाबाहेर हाकलतो. अझुला मात्र बापाची लाडकी. कर्तबगार, क्रूर आणि खोटं बोलण्यात पटाईत. चौदाव्या वर्षी ती एक अख्खं शहर जिंकते. शेवटी झुको सुधारतो, चांगल्यांना मिळतो आणि गादीवर बसतो. अझुलाला तोल सुटलेल्या अवस्थेत साखळीने जखडलेलं असतं, ती तोंडातून आग ओकत ओकत हमसून रडते, आणि आपण तिला सोडून पुढच्या आनंदाच्या दृश्याकडे जातो.

पोरांचं भांडण त्या ‘सोडून जाण्याशी’ आहे. गेली सतरा-अठरा वर्षं जगभरचे चाहते तिच्यासाठी पुढच्या गोष्टी लिहितायत. कुणी तिला भावाकडे परत आणतं, कुणी एखाद्या खेड्यात चहाच्या दुकानात कामाला ठेवतं. आपल्यातले काही पालक याला ‘दुष्टांचा पुळका’ म्हणतात. मीही म्हणायचो.

मग एक दिवस लेकीने मला पुढ्यात बसवून एक भाग दाखवला. त्यात मुलं लहान आहेत. काका युद्धावर गेलाय आणि तिथून भेटी पाठवतो, झुकोला सुंदर खंजीर आणि अझुलाला बाहुली. अझुला ती बाहुली जाळून टाकते. पुढे तिच्या एका बोलण्यावर आई म्हणते, "काय झालंय या पोरीला?" लेकीने तिथे चित्र थांबवलं आणि मला म्हणाली, "बाबा, आईने प्रश्न बरोबर विचारलाय. पण तो प्रश्न अझुलाला कुणी विचारलाच नाही." पुढे मोठी अझुला एका रात्री शेकोटीपाशी म्हणते, माझ्या आईला मी राक्षस वाटायचे, तिचं बरोबरच होतं, तरी लागलंच. ‘बरोबरच होतं’ आणि ‘लागलंच’ ही दोन्ही ती एकाच दमात बोलते, म्हणून मला ते खरं वाटतं. नुसतं ‘लागलंच’ म्हणाली असती तर मी उठून चहा करायला गेलो असतो.

हा काका म्हणजे आयरोह, ओझाईचा थोरला भाऊ. इंग्रजीत नुसतं अंकल म्हटलं की भागतं, आपल्याला काका की मामा ते ठरवावं लागतं. आणि मामा म्हटलं की आपल्याला कंस आणि शकुनी आठवतात, ते जाऊ दे. हद्दपार झालेल्या झुकोच्या मागे हा काका जगभर फिरतो, चहा करतो, बोलणी खातो, माफ करतो. मालिकेतलं सगळ्यांचं लाडकं पात्र. पण हाच काका अझुलाबद्दल म्हणतो, ती वेडी आहे, तिला आवरलंच पाहिजे. या एका वाक्यावरून चाहत्यांत उभी फूट आहे. एक गट म्हणतो, त्या क्षणी ती दोघांच्या जिवावर उठली होती, तो दुसरं काय म्हणणार? दुसरा गट म्हणतो, ती चौदा वर्षांची होती. माझं मत विचाराल तर दोघंही खरं बोलतायत.

हे आपल्याला नवीन नाही हो. कर्णाचं आपण दुसरं काय केलं? १९६७ साली शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं आणि घराघरांत लोक सूर्यपुत्रासाठी रडले. तोही बिनसलेला भाऊच, सहा भावांतला थोरला. पण भरसभेत द्रौपदीचं वस्त्र फेडा म्हणणारा कर्णच होता, ते पान आपण भराभर उलटतो. मूळ महाभारत तेवढं भाबडं नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, तेव्हा कर्ण स्वतःच म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो, त्याने मी जळतोय. दुर्योधनाचीही सोय कुणीतरी फार पूर्वी केली आहे. भासाच्या नावावरच्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाकडे त्याचा लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला नको म्हणावं लागतं. त्या एका ‘नको’पुढे भीमाच्या प्रतिज्ञेची मौज उरत नाही.

आणखी एक मालिका आहे, ‘आर्केन’, २०२१ ची. ती लहानांनी बघायची नाही, पुढच्या रांगेने कान झाकावेत. त्यात दोन बहिणी आहेत, व्हाय आणि पावडर. धाकटी मदत करायला जाते आणि तिच्या हातून घरची माणसं मरतात. थोरली संतापाने तिला मारते आणि ‘जिंक्स’ म्हणते. म्हणजे काय? आपल्याकडे शब्द आहे, ‘पांढऱ्या पायाची’. धाकटी पुढे तेच नाव लावते. आपल्या घरांत किती सुनांना, किती लेकींना हा शब्द बोलला गेलाय, हे इथल्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

सगळ्यांचा पुळका पोरांना येत नाही, हेही बघून ठेवा. ‘आउल हाउस’मध्ये लिलिथ नावाची चेटकीण आहे, तिने लहानपणी स्पर्धेपायी सख्ख्या बहिणीला शाप दिलेला. एक दिवसात उतरेल असं वाटलेलं, तो उतरलाच नाही. पुढे ती त्या शापाचा अर्धा वाटा स्वतःवर घेते. पोरांनी तिला माफ केलं. त्याच मालिकेत बेलोस आहे, त्याने भावाला मारलं आणि वर त्याच भावाच्या प्रतिकृती करत बसला. लहानपण त्याचंही पोरकं. पण मरताना तो गयावया करतो तेव्हा माझ्या लेकीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी विचारलं, याचं काही नाही? ती म्हणाली, "तो अजून खोटंच बोलतोय." पंधरा वर्षांच्या पोरीचा हा निवाडा मला पटला.

आता घरचं. हे बोलायची परवानगी मी बहिणीकडून घेतली आहे. ती म्हणाली, "सांग की. पण माझ्या तोंडी पदरचं काही घालू नकोस."

आमच्या आण्णांची सांगलीत हळदीची अडत होती. माणूस कडक. मी आठवीत गणितात नापास झालो तेव्हा त्यांनी माझी वळकटी बांधली आणि साताऱ्याला, शनिवार पेठेत मामाकडे पाठवून दिलं. "माझ्या डोळ्यांसमोर नको," असे शब्द होते. मामा मास्तर. सकाळी मला अजिंक्यताऱ्यावर चढवायचा, खाली आल्यावर स्वतः चहा करायचा, आणि गणित चुकलं तर म्हणायचा, "असू दे, उत्तर आपलंच आहे, कुठं पळून जातंय?" मी जो काही माणूस झालो, तो त्या स्वयंपाकघरात.

माझी धाकटी बहीण सांगलीतच राहिली. पहिला नंबर तिचा, आण्णांची वाघीण ती. बारा वर्षांची असताना पट्टीवरचे हिशेब बघायची आणि हमालांवर ओरडायची. आण्णा हसायचे, म्हणून आम्हीही हसायचो. पुढे आण्णा आजारी पडले तशी अडत तिनेच चालवली. बाजारात तिला कजाग म्हणायचे, घरातही म्हणायचे. आण्णांमागे वाड्याच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं, ते कितीतरी वर्षं. मी माझ्या लेकीला आत्याची गोष्ट सांगायचो ती अशी: मामाने दिवाळीला मला दोन सेलची बॅटरी आणली होती आणि हिला भातुकली, तर हिने सगळी भातुकली विहिरीत टाकली. लहानपणापासूनच अशी. या गोष्टीवर आमच्याकडे सगळे हसतात.

अझुलाची बाहुली जळालेली बघून झाल्यावर लेक मला म्हणाली, "आत्याला भातुकली हवी होती का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"आणि तिला साताऱ्याला का नाही पाठवलं?"

"ती कुठं नापास झाली होती?"

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती पास झाली म्हणून अडकली."

मंडळी, चाळीस वर्षं मी स्वतःला हाकललेला मुलगा समजत होतो. मामा दोघांचाही होता, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. वाड्याच्या वाटणीत ती चुकली असं मला अजूनही वाटतं, आणि ते मी तिला फोनवर सांगितलंही. हो, फोन मी केला. पहिली पाच मिनिटं सांगलीत पाऊस किती, कृष्णेला पाणी किती, आयर्विन पुलापाशी किती फूट, एवढंच. मग मी भातुकलीचं विचारलं.

ती हसली. म्हणाली, "मला बॅटरी पाहिजे होती रे."

त्या बॅटरीचं सांगायचं राहिलं. ती त्याच दिवाळीत हरवली होती आणि हरवली म्हणून मी आण्णांचा मार खाल्ला होता.

"माझ्याकडंच आहे," ती म्हणाली. "पुराच्या वेळी वरच्या फळीवर ठेवली होती. काच फुटलीय. पण सेल घातले की लागते."