करंटची दिशा चुकली तरी चालेल

फळ्यावरचं सर्किट बघा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याशी एकसर जोडलेला २ ओहमचा रोध. उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तिच्यासोबतही २ ओहम. मधल्या उभ्या फांदीत एकटा ८ ओहमचा रोध. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वरच्या बाजूला. कुठून किती करंट वाहतो, ते काढायचंय.

पहिला मोह होतो तो सगळे रोध मिळून एकच करून टाकायचा. इथे ती युक्ती चालत नाही. दोन फांद्यांत बॅटऱ्या बसल्यात, त्यामुळे हे रोध एकमेकांशी एकसरही नाहीत आणि समांतरही नाहीत. अशा जाळ्यांसाठीचे नियम गुस्टाव किरचॉफने १८४५ मध्ये मांडले. तेव्हा तो क्योनिग्सबर्गला विद्यार्थी होता, तुमच्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठा.

नियम दोनच. जोडबिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो; प्रभार तिथे साठून राहत नाही. दुसरा नियम ऊर्जेचा. सिंहगडाच्या पायथ्यापासून निघा, कुठल्याही वाटेने फिरा आणि परत पायथ्याशी या; चढ आणि उतार यांची बेरीज शून्यच येणार. सर्किटमध्ये उंचीच्या जागी व्होल्ट. बंद वाटेने एक फेरी मारली की बेरीज शून्य.

आता मुलं हमखास अडतात ती जागा. 'सर, दिशाच माहीत नाही, तर समीकरण कसं मांडू?' अरे, धरून चाल! डाव्या बॅटरीतून वर जाणारा करंट क्ष, उजवीतून वर जाणारा य. दोघे वरच्या जोडबिंदूत भेटतात, म्हणून मधून खाली उतरणार क्ष + य. तिसरं अज्ञात घ्यायची गरजच उरली नाही.

डावी फेरी मारू. बॅटरीतून वर गेलो, १२ मिळाले. २ ओहममधून करंटच्या दिशेने गेलो, २क्ष गेले. मधून उतरलो, ८(क्ष + य) गेले.

१२ − २क्ष − ८(क्ष + य) = ०, म्हणजे ५क्ष + ४य = ६.

उजवी फेरी तशीच: ६ − २य − ८(क्ष + य) = ०, म्हणजे ४क्ष + ५य = ३.

पहिल्याला ५ ने गुणा, दुसऱ्याला ४ ने, वजाबाकी करा. ९क्ष = १८, क्ष = २ ॲम्पिअर. आणि य? उणे १.

इथे निम्मा वर्ग खोडरबर शोधायला लागतो. खोडू नका. उणे चिन्ह एवढंच सांगतंय की उजवीकडचा करंट आपण धरला त्याच्या उलट वाहतोय. आकडा १ ॲम्पिअर, तो बरोबरच आहे. मात्र एकदा धरलेली दिशा गणित संपेपर्यंत बदलायची नाही. अर्ध्यात बाण फिरवणाऱ्यांचेच मार्क जातात.

त्या उणे एकाचा अर्थ मोठा मजेदार आहे. ६ व्होल्टच्या बॅटरीत करंट धन टोकातून आत शिरतोय. ती वीज देत नाही, घेतेय. म्हणजे चार्ज होतेय. चार्ज होणारी असेल तर ठीक, साध्या कोरड्या घटावर हा प्रयोग घरी करू नका.

पडताळा घ्या. १२ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर, २४ वॅट बाहेर पडले. डाव्या रोधात ८ वॅट, उजव्या रोधात २, मधल्यात ८, आणि बॅटरीने घेतले ६. बेरीज २४. जमाखर्च जुळला.

मागून प्रश्न आलाय: उजवी बॅटरी केवढी असती तर तिच्यातून काहीच वाहिलं नसतं? सुरेख प्रश्न. य शून्य ठेवा. मग क्ष = १२ ÷ १० = १.२ ॲम्पिअर, आणि मधल्या रोधावर ९.६ व्होल्ट. बॅटरी नेमकी तेवढी असली, की करंट शून्य; त्याच्या वर गेली, की तीही वीज द्यायला लागेल. बारावीच्या प्रयोगशाळेत पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे व्होल्ट मोजायच्या उपकरणाच्या, लांब तारेवर जॉकी (तारेला टेकवायचं सरकतं टोक) सरकवत गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर आणता ना, तिथे तुम्ही अशीच करंट शून्य होण्याची जागा शोधत असता, फक्त आकडा ९.६ ऐवजी वेगळा.