पहिले बारा आठवडे: गेमची चोरी आणि विक्रीचा हिशेब

नमस्कार मंडळी. विषय हिशेबाचा आहे, तेव्हा आकड्यापासूनच सुरू करतो. 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा झेल्डा मालिकेतला गेम १२ मे २०२३ रोजी निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलसाठी दुकानात आला. त्याआधी सुमारे दीड आठवडा, परीक्षेचा पेपर फुटावा तसा तो फुटला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेंडोने 'युझू' या एम्युलेटरच्या (कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कर्त्यांवर अमेरिकेत दावा लावला. त्यात म्हटलं होतं की विक्री सुरू होण्याआधीच गेम दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाला. गेमची किंमत ७० डॉलर. लगेच गुणाकार करायचा मोह होतो: सात कोटी डॉलर बुडाले.

दुसरी बाजू दुसरा आकडा पुढे करते. याच गेमच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, मग बुडालं काय?

माझ्या मते दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. पहिल्यात प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक हुकलेलं गिऱ्हाईक असं गृहीत धरलंय. दुसऱ्यात, गेम फुटला नसता तर किती खपला असता हा प्रश्नच विचारलेला नाही. एक कोटी दहा लाख खपल्या असत्या का? एकट्या विक्रीच्या आकड्यावरून ते कळायला मार्ग नाही.

डाउनलोडच्या आकड्यात काय काय मिसळलेलं असतं ते बघा. फाइल अर्धवट उतरली म्हणून तोच माणूस दुसऱ्यांदा उतरवतो. कुणी जमवाजमव करणारा असतो, तो फाइल उघडतही नाही. कुणी गेमची आगाऊ नोंदणी केलेली असते आणि त्याला दहा दिवस धीर धरवत नाही. कुणाकडे स्विचच नसतो आणि घेण्याची ऐपतही नसते. हे सगळे वजा केल्यावर उरतो तो, ज्याच्या हातात पैसे होते, जो घेणार होता आणि फुकट मिळालं म्हणून ज्याने घेतलं नाही. नुकसान म्हणजे एवढाच माणूस. शंभर फुकट प्रतींमागे असे किती, हा खरा प्रश्न.

त्यावर युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये सुमारे ३ लाख ६० हजार युरो खर्चून अभ्यास करवून घेतला. सहा देशांतल्या जवळपास तीस हजार लोकांना विचारलं गेलं. अहवाल २०१५ मध्ये तयार झाला, पण लोकांसमोर यायला २०१७ उजाडलं, तेही युरोपीय संसदेच्या सदस्य युलिया रेडा यांनी पाठपुरावा केल्यावर. नव्या, गाजणाऱ्या चित्रपटांच्या बाबतीत दर दहा चोरट्या प्रतींमागे चार अधिकृत प्रती घटतात, असं त्यात निघालं. गेमच्या बाबतीत उलटंच: शंभरामागे चोवीस अधिकृत व्यवहार वाढतात.

एम्युलेटरची बाजू घेणारे हा चोवीसचा आकडा फार मिरवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पुढचं वाक्यही वाचा. तो अंदाज दोन्ही बाजूंना ४५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. म्हणजे खरा आकडा शून्याच्या खालीही असू शकतो. 'चोरीमुळे विक्री वाढते' हे त्यातून सिद्ध होत नाही. 'सरसकट नुकसान होतं' हेही त्या मोजणीत सापडलं नाही, इतकंच म्हणता येतं.

जास्त उपयोगाचा अभ्यास २०२४ मधला, संशोधक विल्यम व्होल्कमन यांचा. तो कन्सोलचा नाही, पीसीवरच्या गेमचा आहे, हे आधीच सांगतो. डेनुव्हो नावाचं चोरीविरोधी कुलूप लावलेले, स्टीम या ऑनलाइन दुकानातले ८६ गेम त्यांनी घेतले. काहींचं कुलूप पहिल्या आठवड्यात फुटलं, काहींचं कित्येक महिन्यांनी, काहींचं फुटलंच नाही. म्हणजे तुलनेला आपोआप दोन बाजू मिळाल्या. स्टीम विक्रीचे आकडे देत नाही, म्हणून परीक्षणांची आणि खेळाडूंची संख्या यांसारख्या अप्रत्यक्ष खुणांवरून अंदाज बांधावा लागला. निष्कर्ष असा की कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर एकूण उत्पन्नात सरासरी २० टक्के घट. बारा आठवड्यांनंतर फुटलं तर घट जवळपास शून्य.

हे बारा आठवडे नीट ध्यानात घ्या. गेमची बहुतेक विक्री सुरुवातीलाच होते, पूर्ण किंमत देणारं गिऱ्हाईकही तेव्हाच येतं. चोरी बोचते ती तिथेच. म्हणूनच युझूचं प्रकरण आधीच्या बहुतेक एम्युलेटरपेक्षा वेगळं होतं. स्विच आला मार्च २०१७ मध्ये आणि युझू जानेवारी २०१८ मध्ये. यंत्र बाजारात जोरात असतानाच त्याचा एम्युलेटर तयार. निन्टेंडोची चिडचिड मला अनाठायी वाटत नाही. आठवड्याभरात तडजोड झाली, २४ लाख डॉलर ठरले आणि युझू बंद पडला.

पण हीच फूटपट्टी पंचवीस वर्षं जुन्या गेमला लावली की हिशेब कोलमडतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा कुठेही अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. विक्रेताच नाही, तर विक्री बुडाली कुणाची?

शिवाय जुना गेम एम्युलेटरवर चालवणं वाटतं तितकं फुकटचं नसतं. पहिल्या प्लेस्टेशनची स्वतःची सीडी संगणकावर उतरवायची म्हणा. सीडीवरचा एक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक कप्पा, २३५२ बाइटचा. सवयीने आयएसओ प्रकारची साधी प्रत काढली तर सेक्टरमागे २०४८ बाइटच येतात. गेम कदाचित सुरू होतो, पण व्हिडिओ अडखळतात, आवाज गायब होतो. म्हणून बिन (सीडीवरची माहिती) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा दोन फाइली काढायच्या. क्यू फाइल हरवली तर संगीताचे ट्रॅक कुठे सुरू होतात हे एम्युलेटरला कळत नाही. युरोपातल्या काही सीडींवर लिबक्रिप्ट हे चोरीविरोधी कुलूप आहे. त्याची किल्ली सबचॅनलमध्ये, म्हणजे सेक्टरसोबतच्या जादा माहितीत, लपवलेली असते आणि बिन फाइलमध्ये सबचॅनल येतच नाही. गेम व्यवस्थित चालतो आणि मध्येच कुठेतरी अडकतो. माणसाला वाटतं एम्युलेटर खराब. खराब असते प्रत. शेवटी फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवून बघायचा. इतकी यातायात करणारा माणूस फुकट्या नसतो, त्या गेमवर त्याचा जीव असतो.

आता भारताचं एक. स्विच निन्टेंडोने आपल्याकडे अधिकृतपणे आणलाच नाही; मिळतो तो ग्रे मार्केटमध्ये, आयातदार सांगेल त्या भावाला. नागपुरात बसून कुणी एम्युलेटरवर खेळला, तर ती ७० डॉलरची हुकलेली विक्री म्हणून मांडणं मला पटत नाही. जिथे दुकानच थाटलं नाही, तिथला गल्ला कसा मोजणार?

आणि फुकट मिळणारी वस्तू लोक विकत घेतात का? नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने एनईएस क्लासिक हा जुने गेम आतच भरलेला छोटा डबा काढला: ६० डॉलर, तीस जुने गेम. तेच गेम एम्युलेटरवर कित्येक वर्षं फुकट फिरत होते. तरी उत्पादन थांबेपर्यंत २३ लाख डबे खपले, आणि त्या डब्यातही निन्टेंडोचा स्वतःचा एम्युलेटरच होता. सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये तसाच डबा, प्लेस्टेशन क्लासिक, १०० डॉलरला आणला. आत पीसीएसएक्स रीआर्म्ड हा खुल्या कोडचा एम्युलेटर. ती निवड वाईट नव्हती. पण वीसपैकी नऊ गेम युरोपातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला पन्नासदा चित्र बदलणाऱ्या) आवृत्तीचे भरले. ६० हर्ट्झच्या आवृत्तीवर वाढलेल्यांना तो संथपणा लगेच जाणवला. काही आठवड्यांत डब्याची किंमत ६० डॉलरवर आली.