टाकून द्यायच्या तुकड्यातलं एक अक्षर

(दृश्य: परळ, सकाळ. केईएम रुग्णालयाचं फाटक, बेस्टच्या बस, नातेवाइकांची ये-जा.)

मुंबईत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर दोन-तीन आठवड्यांनी एक खूण केलेली असते. ती खूण असते लेकराला रक्त चढवायच्या दिवसाची. गणपतीला गावी कधी निघायचं, परत कधी यायचं, हे त्या खुणा बघून ठरतं. आजाराचं नाव थॅलेसेमिया मेजर.

या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन पुरेसं का तयार होत नाही? त्यासाठी हाडांच्या आतल्या मज्जेत जाऊ या. तांबड्या पेशी तिथे घडतात. तयार तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पण घडत असताना ते असतं. आपल्याला बघायचंय ते त्या केंद्रकातच.

(दृश्य: अ‍ॅनिमेशन. डीएनएवरून सुटत जाणारा आरएनएचा धागा.)

अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एकीचं, जनुक आहे. जेमतेम १६०० अक्षरांचं, म्हणजे जनुकांमध्ये अगदी छोटं. (अक्षर म्हणजे या धाग्यातला एकेक रासायनिक घटक; आरएनएत ती चार: ए, यू, जी आणि सी.) त्याची आरएनए प्रत निघते, पण ती कच्ची असते. प्रत निघायला सुरुवात होते न होते, तोच तिच्या पुढच्या टोकावर एक बदललेलं ग्वानिन उलट्या बाजूनं जोडून बसवलं जातं. त्यामुळे आरएनए कुरतडणाऱ्या विकरांपासून ते टोक वाचतं आणि पुढे प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला धागा कुठून धरायचा ते कळतं. मागच्या टोकाला प्रत कापून सुमारे २०० अ‍ॅडेनिनची शेपटी लावली जाते. ही दोन्ही कामं महत्त्वाची आहेत, पण आज थांबायचंय ते मधल्या कामापाशी.

१९७७ साली अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन वेगळ्या गटांनी एका विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डीएनएचे काही भाग जोडीदाराविना वेटोळी करून बाहेर आलेले दिसले. याचा अर्थ सरळ होता: डीएनएत असलेला मजकूर आरएनएतून मधूनमधून काढून टाकलेला होता. १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं. काढून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांना आपण इंट्रॉन म्हणतो, उरणाऱ्यांना एक्झॉन आणि या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग.

बीटा ग्लोबिनमध्ये तीन एक्झॉन आहेत, दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५०. म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर टाकूनच द्यायचा. मग कापायचं कुठे, हे पेशीला कसं समजतं?

इंट्रॉन जवळजवळ नेहमी जी-यू या अक्षरांनी सुरू होतो आणि ए-जी वर संपतो. पण जी-यू तर जागोजागी असतं. तेवढ्यावर भागत नाही, आजूबाजूची अक्षरंही पाहावी लागतात. हे काम यू-१ नावाचा एक छोटा आरएनए करतो. तो काही प्रथिनांसोबत एका कणात असतो आणि आपली अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीशी जुळवून तिथे चिकटतो. (अशा कणांचा माग लागला तो ल्यूपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी ती वापरली. आजारी माणसाच्या रक्तातून निरोगी पेशीचं एवढं मोठं गुपित उलगडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.) यू-१ बसल्यावर बाकीचे कण येतात, शंभराहून अधिक प्रथिनं जमतात, इंट्रॉन सरफाशीसारखा वळून सुटतो आणि एक्झॉनची टोकं जुळतात.

(दृश्य: पडद्यावर मोठ्या अक्षरांत: जी यू यू जी जी यू.)

ही बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात. पाचवं अक्षर बघा, जी. यू-१ मधल्या सी शी त्याची जोडी जमते. भारतात बीटा थॅलेसेमियाचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो, त्यात या जागी जी नसतो, सी असतो. बस, इतकंच. प्रथिनाचा मजकूर असलेल्या एक्झॉनमधलं एकही अक्षर बिघडलेलं नसतं. बिघाड आहे तो टाकून द्यायच्या तुकड्यात.

सुरुवातीचं जी-यू शाबूत आहे, पण यू-१ ची पकड सैल पडते. थोड्या प्रती बरोबर कापल्या जातात. बऱ्याचशा मात्र जवळच्या तीन चुकीच्या जागांवर कापल्या जातात. पहिल्या जागी १६ अक्षरं कमी पडतात, दुसरीकडे ३८ कमी, तिसरीकडे इंट्रॉनमधली काही जास्त राहतात. प्रथिन बनताना आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो आणि १६ किंवा ३८ ला तिनानं भाग जात नाही. त्यामुळे अशा प्रतींत तिथून पुढचं सगळं वाचन घसरतं, थांबण्याची खूण भलत्याच ठिकाणी येते. बीटा ग्लोबिनची साखळी पुरेशी बनत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साचतात आणि तांबड्या पेशी मज्जेतच मरू लागतात.

चुकलेलं स्प्लायसिंग औषधानं वळवता येतं का? एका आजारात येतं. मणक्यातले चेतापेशी झिजवणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीवर २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं न्युसिनर्सेन हे औषध आरएनएवर चिकटून वगळला जाणारा एक्झॉन परत आत घ्यायला लावतं. थॅलेसेमियाच्या या दोषात अडचण वेगळी आहे. इथे खरी जागाच दुबळी झालेली असते, तिच्याकडे यंत्रणेला परत वळवणं त्याहून अवघड.

(दृश्य: प्रयोगशाळा. रक्ताच्या नळ्या, यंत्राच्या पडद्यावर उमटणारा आलेख.)

केईएमच्याच आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आहे. दोषाची एकच प्रत असलेला माणूस, म्हणजे वाहक, ठणठणीत असतो, फार तर थोडा अशक्त. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर दिसला, की शंका येते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. म्हणून ही तपासणी लग्नाआधी करावी. ते राहून गेलं असेल, तर दिवस राहिल्याबरोबर करावी, आणि फक्त सुनेची नाही, मुलाचीही. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचा डीएनए वाचता येतो. आईबाबांमधला दोष आधीच माहीत असला, तर त्या नमुन्यात नेमकं कुठलं अक्षर शोधायचं, हे प्रयोगशाळेला ठाऊक असतं.