सोनोग्राफी सेंटरमधल्या पाटीमागची बाई

नमस्कार मंडळी. आज कोल्हापूरच्या राजारामपुरीतून बोलतोय. इथल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरात शिरा, समोर पाटी दिसणारच: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' आता कुणी ती वाचतही नाही. ती लागण्यामागे मृणाल गोरे यांचा मोठा वाटा आहे.

गोरेगावची 'पाणीवाली बाई'. वैद्यकीचं शिक्षण सोडून चळवळीत आल्या. १९६१ ला नगरसेविका, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार आणि १९८५ ला पुन्हा विधानसभेत. तेव्हा गर्भजल तपासायचं आणि मुलगी निघाली की गर्भ पाडायचा, हे राजरोस चालायचं. जाहिराती लागायच्या त्याच्या! स्त्री संघटना रस्त्यावर होत्या, मृणालताईंनी तो प्रश्न खासगी विधेयक करून सभागृहात नेला. खासगी विधेयक म्हणजे सरकारचं नाही, एकट्या आमदाराचं. अशी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, पण त्यांच्यामुळे सरकारला उत्तर द्यायला लागतं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा आला १९९४ ला. त्यात मला फार मोलाचं वाटतं ते हे: तपासणी करून घेणाऱ्या बाईवर नवऱ्याने, घरच्यांनी जबरदस्ती केली असं कोर्ट आधी गृहीत धरतं.

आता आपल्याकडे या. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. राज्यात ९१३. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्याच मातीत हा आकडा! मला तो आजही टोचतो.

२००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी मशीन स्पष्टपणे कायद्यात आलं. तरी बंद खोलीत डॉक्टर काय सांगतो, ते कोण बघणार? म्हणून कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला: एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद, ऑनलाइन भरायचा आणि मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायचा. पडद्यावर दिसलेलं या डबीत साठतं, फॉर्मशी ताडून बघता येतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. रुग्णाची गुप्तता हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो हलका नव्हता. पण ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टाने आदेश कायम ठेवला. पुढच्या जुलैत मृणालताई गेल्या.

२०११ ला आपला आकडा ८६३ झाला. तुमच्या ग्रामपंचायतीत जन्माची नोंदवही असते. गेल्या वर्षी मुली किती, मुलगे किती, जाऊन विचारा आणि मला कळवा.